घरातील एफ.एम. श्रवण : आधी एरियल, मग संच

(गोंदिया जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



"चांगला रेडिओ घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?" हा प्रश्न माहिती खात्यातल्या माणसाला आजही विचारला जातो. दूरचित्रवाणी घरोघरी पोचली, मोबाईल हातोहाती आला, तरी रेडिओची आवड असणारी मंडळी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. कोणाला सकाळच्या बातम्या हव्या असतात, कोणाला जुनी गाणी, तर कोणाला शाळेसाठी स्वच्छ आवाज देणारा संच हवा असतो. असा प्रश्न आला, की मी आधी उलट विचारतो, "आपले घर कोठे आहे?" प्रश्न करणारा थोडा गोंधळतो. त्याला कंपनीचे नाव हवे असते. परंतु गोंदिया जिल्ह्यात घराची जागा कळल्यावाचून एफ.एम. संचाविषयी सल्ला देणे म्हणजे जमीन न पाहता बियाणे सुचविण्यासारखे आहे.

आजच्या भाषणात मला एकच गोष्ट पटवून द्यावयाची आहे. एफ.एम. श्रवणासाठी आपण जो पैसा बाजूला काढला असेल, त्यातला पहिला रुपया एरियलवर म्हणजे अँटेनावर खर्च करावा आणि मग उरलेल्या रकमेत ट्यूनर निवडावा. बहुतेक घरांत याच्या उलट घडते. महागडा संच येतो, त्याची दोन हातांची काडी खिडकीजवळ ताणली जाते आणि चार दिवसांत "संच चांगला नाही" असा निकाल दिला जातो. दोष बिचाऱ्या संचाचा नसतो.

आपले स्थान

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला आहे. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. गोंदिया शहरापासून सरळ रेषेत मोजले, तर बालाघाट सुमारे ४० किलोमीटर, नागपूर सुमारे १२० किलोमीटर आणि रायपूर सुमारे १५० किलोमीटर भरते. आकाशवाणीची केंद्रे या तिन्ही ठिकाणी आहेत. म्हणजे मराठी कार्यक्रम देणारे मोठे केंद्र आपल्यापासून दूर आणि हिंदी कार्यक्रम देणारे केंद्र जवळ, अशी आपली अवस्था आहे. हिंदीशी आपले वैर नाही; गोंदियाच्या बाजारपेठेत ती रोज बोलली जाते. पण झाडीपट्टीतल्या मुलाच्या कानावर प्रमाण मराठीचा शुद्ध, स्पष्ट उच्चार पडावा, असे ज्या शिक्षकाला वाटते, त्याच्या दृष्टीने हे अंतर फार महत्त्वाचे आहे.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याच्या ५८५ किलोहर्ट्झवरील मध्यमलहरींनी पूर्व विदर्भातील खेड्यांना अनेक दशके बातम्या, बाजारभाव आणि शेतीचा सल्ला पोचविला. मध्यमलहरी जमिनीला धरून लांबवर जातात. म्हणून त्या काळी घराच्या आतल्या साध्या संचावरही नागपूर ऐकू येई. एफ.एम.चा स्वभाव निराळा आहे.

एफ.एम.चा गुण आणि मर्यादा

एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याला १९३३ मध्ये या पद्धतीची एकस्वे मिळाली. आपल्या देशात आकाशवाणीची एफ.एम. सेवा २३ जुलै १९७७ रोजी मद्रास येथे प्रथम सुरू झाली. जुन्या पद्धतीत लहरीची उंची कमीजास्त करून आवाज वाहून नेला जातो. वीज कडाडली, मोटार सुरू झाली, की तीही लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करते आणि आपल्याला खरखर ऐकू येते. एफ.एम.मध्ये लहरीची उंची तीच राहते, बदलते ती कंपनसंख्या. त्यामुळे संकेत पुरेसा असेल, तर ही खरखर संच बाजूला सारू शकतो. शिवाय एफ.एम.वर सेकंदाला १५,००० कंपनांपर्यंतचा आवाज पोचतो. मध्यमलहरींवर साधारणपणे ५,००० च्या आसपासच मर्यादा येते. 'स' आणि 'श', 'त' आणि 'थ' यांतील भेद ज्या सूक्ष्म, उंच ध्वनींत असतो, तो भाग एफ.एम.वर शाबूत राहतो. भाषेच्या शिक्षकांनी या पद्धतीचा आग्रह धरावा, तो यासाठी.

आता मर्यादा. आपल्याकडील एफ.एम.चा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असा आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने ठरावीक अंतरापलीकडे त्या डोक्यावरून निघून जातात. याचा हिशेब सोपा आहे. प्रक्षेपकाच्या मनोऱ्याची मीटरमधील उंची घ्या, तिचे वर्गमूळ काढा. आपल्या एरियलच्या उंचीचेही वर्गमूळ काढा. दोहोंची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. मनोरा १०० मीटरचा आणि आपले एरियल ९ मीटरवर असेल, तर १० अधिक ३, म्हणजे १३. गुणाकार सुमारे ५४ किलोमीटर. शाळेतील दहावीची मुले हे गणित फळ्यावर सोडवू शकतील.

या हिशेबाने बालाघाट गोंदियाच्या टप्प्यात येते आणि नागपूर क्षितिजाच्या पलीकडे राहते. मात्र क्षितिजापलीकडे लहर एकदम संपत नाही. वातावरणात विखुरलेला, क्षीण झालेला तिचा अंश पुढेही पोचतो. तिरोड्याकडील सपाट धानशेतीच्या भागात, उंचावर बसविलेल्या आणि नागपूरकडे तोंड केलेल्या एरियलने तो वेचता येतो. विविध भारतीचे नागपूरचे प्रक्षेपण १००.६ मेगाहर्ट्झवर आहे. प्रयत्न करणाऱ्याने तेथूनच सुरुवात करावी. उलट सालेकसा, देवरी किंवा नवेगावबांधच्या डोंगरात दरीत वसलेल्या गावी कितीही मोलाचा ट्यूनर नेला, तरी डोंगर आडवा येणारच. अशा ठिकाणच्या मित्रांना मी स्पष्ट सांगतो, एफ.एम.साठी पैसे घालवू नका. डी.डी. फ्री डिशच्या साध्या बशीवर दूरचित्रवाणीबरोबर आकाशवाणीच्या मराठीसह अनेक वाहिन्या मिळतात, जेथे मोबाईलचा संकेत चांगला आहे तेथे प्रसारभारतीच्या न्यूजऑनएअर या ॲपवरून आकाशवाणीची केंद्रे ऐकता येतात. ज्याला न मिळणारी गोष्ट विकत घ्यावी लागली नाही, त्याचाही फायदाच झाला.

एरियल कसे असावे

१०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते. एरियलची मुख्य दांडी तिच्या निम्म्याहून किंचित आखूड, म्हणजे सुमारे १ मीटर ४३ सेंटिमीटर ठेवावी. मध्ये कापून दोन भाग केले आणि तेथे तार जोडली, की साधे एरियल तयार झाले. जवळच्या केंद्रासाठी छपरावर एवढेही पुरते.

दूरच्या केंद्रासाठी अनेक काड्यांचे, एका दिशेला तोंड असणारे एरियल लागते. जुन्या दूरदर्शन एरियलचे रूप आपल्या परिचयाचे आहे. हे त्याच जातीचे. मुख्य दांडीच्या मागे थोडी लांब काडी आणि पुढे थोड्या आखूड काड्या अशी त्याची रचना असते. पाच काड्यांचे नीट बनविलेले एरियल साध्या एरियलच्या दुपटीहून अधिक दाबाचा संकेत देते आणि मागच्या बाजूने येणाऱ्या दुसऱ्या केंद्राला अटकाव करते. आपल्याकडे हा दुसरा लाभ फार मोलाचा आहे, कारण गोंदियाहून नागपूर पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेले; बालाघाट उत्तरेला आणि रायपूर पूर्वेला आहे. तिन्ही दिशा वेगळ्या असल्यामुळे एरियल फिरवून हवे ते केंद्र निवडता येते.

अनेक छपरांवर दूरदर्शनची जुनी एरियले निकामी उभी आहेत. ती तशीच एफ.एम.साठी वापरू नयेत. दूरदर्शनच्या वाहिन्या वेगळ्या कंपनसंख्येच्या होत्या, म्हणून त्या काड्यांची लांबी एफ.एम.ला जुळत नाही. परंतु खांब, आडवा दांडा, पकडी आणि पुरेशा लांबीच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या यांचा उपयोग करून गावातला कसबी कारागीर थोडक्या खर्चात नवे एरियल उभे करू शकेल.

उंचीचे महत्त्व विसरू नये. सपाट मुलखात ढोबळमानाने एरियलची उंची दुप्पट केली, तर संकेताचा दाबही जवळजवळ दुप्पट होतो. पत्र्याचे छप्पर व पाण्याची टाकी यांपासून ते शक्य तेवढे दूर असावे. कारण त्यांवर आदळून परत फिरलेली लहर मूळ लहरीत मिसळते आणि आवाज फाटल्यासारखा येतो. एरियल आधी आडवे धरून पाहावे, मग उभे. ज्या स्थितीत आवाज स्वच्छ येईल, तीच कायम करावी.

एरियलपासून संचापर्यंत ७५ ओहमची गोल तार वापरावी; डिशसाठी मिळते ती आर.जी.-६ तार उत्तम. दुमडलेल्या दांडीचे एरियल ३०० ओहमचे असते; त्याला ही तार जोडताना मध्ये बालून नावाचा छोटा जुळवणी-भाग लागतो. तो नसला, तर मिळविलेल्या संकेताचा बराच भाग जोडणीतच वाया जातो. बूस्टरचा मोह शेवटी करावा. बूस्टर संकेताबरोबर खरखरही वाढवितो. बसवायचाच झाला, तर तो एरियलजवळ खांबावर बसवावा, संचाशेजारी नव्हे.

ट्यूनर निवडताना

आता संचाकडे वळू. पहिली अट, बाहेरचे एरियल जोडण्यासाठी स्वतंत्र जागा हवी. ती नसलेला संच कितीही देखणा असला, तरी आपल्या जिल्ह्यात निरुपयोगी.

दुसरी गोष्ट संवेदनक्षमतेची. किती क्षीण संकेतावर संच चालतो, हे मायक्रोव्होल्टमध्ये सांगितलेले असते. आकडा जितका लहान, तितका संच चांगला. येथे एक मेख आहे. हाच आकडा ३०० ओहमवर मोजला, तर ७५ ओहमवरील आकड्याच्या दुप्पट येतो. म्हणून दोन संचांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ओहमवरचे आहेत ना, हे पाहावे.

तिसरी गोष्ट निवडक्षमतेची, म्हणजे शेजारच्या कंपनसंख्येवरील बलवान केंद्राला रोखून हवे ते क्षीण केंद्र वेगळे काढण्याची. ती डेसिबेलमध्ये देतात. ६० हून अधिक असेल तर चांगली समजावी. आपल्याकडे हिचे महत्त्व पुढे वाढणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफ.एम. वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. त्या यादीत गोंदियाचाही समावेश होता. शहरात बलवान केंद्र उभे राहिले, की कमी निवडक्षमतेच्या संचावर दूरचे केंद्र त्याखाली दबून जाते. आज घेतलेला संच दहा वर्षे वापरायचा असेल, तर हा विचार आजच करावा.

चौथी गोष्ट, मोनो करण्याचे बटण. स्टिरिओ श्रवणाला शांत आवाजासाठी मोनोपेक्षा सुमारे दहापट दाबाचा संकेत लागतो. दूरचे केंद्र ऐकताना हे बटण दाबले, की खरखर एकदम ओसरते. भाषण, बातम्या, कृषिवार्ता यांना स्टिरिओची गरजही नसते.

स्वतंत्र ट्यूनर आता बाजारात कमी मिळतात. जुना, चांगल्या अवस्थेतील ट्यूनर मिळाला तर घ्यावा. अन्यथा मोटारीतला रेडिओ हा एक चांगला पर्याय आहे. धावत्या गाडीत चालावा म्हणून तो मुळातच संवेदनशील व निवडक्षम बनविलेला असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो चालतो, म्हणून वीज गेली तरी अडत नाही.

परदेशी संचाविषयी सावधगिरी

नातेवाईक अमेरिकेतून किंवा जपानमधून संच आणतात. प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाव ठेवू नये. पण वापरापूर्वी तीन बाबी पाहाव्यात. अमेरिकन संच बहुधा ०.२ मेगाहर्ट्झची उडी घेतात आणि १००.५, १००.७ अशा विषम दशांशावरच थांबतात. मग नागपूरचे १००.६ त्यांच्या मधोमध सापडते आणि आवाज फाटतो. जपानी संचांपैकी पुष्कळांचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून ९० किंवा ९५ पर्यंतच असतो. तिसरी बाब अशी, की उंच स्वरांची जी दुरुस्ती संचात केलेली असते, ती आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांची व अमेरिकेत ७५ ची. अमेरिकन संचावर म्हणून आपली केंद्रे किंचित दबलेल्या आवाजात ऐकू येतात. काही संचांत देश बदलण्याचे बटण असते. ते असल्यास हे तिन्ही प्रश्न मिटू शकतात.

चाचणी आणि सुरक्षा

थंडीतल्या पहाटे जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. त्यावेळी लहरी वाकून दूरदूरची केंद्रे खणखणीत ऐकू येतात. दुकानदाराने अशा वेळी दाखविलेल्या चमत्कारावर विश्वास ठेवू नये. चाचणी भर दुपारी घ्यावी. दुपारी जे ऐकू येईल, तेच आपले. घरातील खरखर कोठून येते, हेही एकदा तपासावे. संच बॅटरीवर लावून घराचा मुख्य विद्युतपुरवठा बंद करावा. आवाज स्वच्छ झाला, तर हलक्या प्रतीचा एल.ई.डी. दिवा किंवा चार्जर दोषी आहे, असे समजावे.

एरियलचा खांब वीजवाहिनीपासून त्याच्या स्वतःच्या उंचीहून अधिक अंतरावर असावा, म्हणजे तो पडला तरी तारेवर पडणार नाही. खांबाला जाड तारेने जमिनीत अर्थिंग द्यावे आणि ते घराच्या अर्थिंगला जोडून घ्यावे. आभाळ भरून येताच एरियलची तार संचातून काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. पावसाळ्यात झाडीपट्टीत विजेने माणसे दगावतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

पंचायतीने काय करावे

शेवटी पंचायत सदस्यांसाठी दोन शब्द. १९५६ मध्ये आकाशवाणी व युनेस्को यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालविली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि गावात काय करता येईल ते ठरवीत. त्या वेळी आपला मुलूख मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आपण त्या प्रयोगात नव्हतो. पण त्यातून दिसलेली गोष्ट आपल्यालाही लागू आहे : गावाने मिळून ऐकलेली माहिती घरात एकट्याने ऐकलेल्या माहितीपेक्षा लवकर कामाला येते. शाळेत किंवा पंचायत कार्यालयात एक चांगला संच आणि एक चांगले एरियल असणे, ही चैन नव्हे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा, गोंदिया जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी प्रथम वीज जाते, मग मोबाईलचे मनोरे मुके होतात. बॅटरीवर चालणारा रेडिओ तेवढा बोलत राहू शकतो. जिल्ह्याबाहेरच्या, पाण्याखाली न गेलेल्या केंद्राचा आवाज त्या घटकेला गावात पोचावा, असे वाटत असेल, तर एरियल पूर येण्यापूर्वी उभे असले पाहिजे.

म्हणून दरपत्रके मागविताना कंपनीच्या नावाऐवजी अटी लिहाव्यात : बाह्य एरियलची जोडणी, मोनोचे बटण, ०.१ मेगाहर्ट्झच्या टप्प्याने केंद्र लावण्याची सोय, मध्यमलहरींचा पट्टा, १२ व्होल्टवर चालण्याची सोय, दिशादर्शी एरियल, खांब, तार आणि अर्थिंग. बसवून, भर दुपारी गावकऱ्यांसमोर ऐकवून दाखविल्यावरच देयक मंजूर करावे. खरेदीपूर्वी एक लहान संच घेऊन शाळेच्या गच्चीवर जावे, पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा आणि जे जे ऐकू येईल ते वेळेसह वहीत लिहून ठेवावे. आठवीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेतले, तर आठवडाभरात गावाची अशी नोंद तयार होईल, जी कोणत्याही दुकानात मिळणार नाही. त्या नोंदीवरून कोणते एरियल, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला, हे ठरेल. आणि ते ठरले, की संचाची निवड फारशी अवघड राहणार नाही.